थेंबे थेंबे तळे साचे. पण कोणता थेंब?

२० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत केवडिया येथे ‘मिशन लाइफ’ या मोहिमेचा आरंभ झाला. पंतप्रधानांसोबत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनिओ गुटेरस त्या वेळी हजर होते. पर्यावरणाला झेपेल अशी राहणी सामान्य माणसाने स्वीकारावी, हा मोहिमेचा हेतू. त्यासाठी वीज, पाणी, प्लास्टिक, अन्न, कचरा, आरोग्य आणि ई-कचरा अशा सात गटांत ७५ कृतींची यादी करण्यात आली. ही यादी वाचताना दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा जवळपास लागत नाही. दुसरी म्हणजे सगळ्या कृती एकाच ओळीत, जणू एकाच वजनाच्या असल्यासारख्या उभ्या आहेत. शाळेतल्या निबंधापासून सोसायटीच्या सूचनाफलकापर्यंत आपल्याकडे हा विषय असाच मांडला जातो, आणि शेवटी ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण येते. म्हण खरीच आहे. पण थेंब तळ्याच्या पाणलोटात पडला तर. खडकावर पडलेला थेंब उन्हाने उडून जातो. साध्या, स्वस्त उपायांची टिंगल करणारे आणि त्यांची नुसती यादी करणारे या दोघांनाही एक काम टाळता येते, ते म्हणजे वजन करण्याचे. हे उपाय उपयोगी आहेत असेच या लेखाचे म्हणणे आहे. मात्र त्यांचा क्रम लावायला हवा, आणि घराच्या उंबरठ्याबाहेर तो उपाय हातात घेणारे कोणी आहे की नाही, हे पाहायला हवे.

वजन करायचे तर कसोटी हवी. पहिली कसोटी आकाराची : या कृतीने वर्षाकाठी नेमके किती वाचते? दुसरी सातत्याची : ती रोज आपोआप घडते, की दर वेळी आठवण ठेवावी लागते? तिसरी साखळीची : घरात केलेले काम बाहेरच्या व्यवस्थेत पुढे सरकते, की कोपऱ्यावर पुन्हा मातीत मिसळते? मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा, हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे. नुसता लावून ठेवलेला चार्जर एका वॉटचा काही अंशच खातो. वर्षभराचा हिशेब एक-दोन युनिटांच्या वर जात नाही. जुना छताचा पंखा मात्र ७० ते ८० वॉट घेतो आणि कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तीसेक वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १६० युनिटांच्या आसपास वीज वाचते. म्हणजे चार्जरची काळजी ऐंशी-नव्वद वर्षे घेतल्यावर जे साधेल, ते एक पंखा बदलून एका वर्षात साधते. शिवाय चार्जर रोज आठवणीने काढावा लागतो, पंखा एकदाच बदलायचा असतो. चार्जर काढण्यात चूक काही नाही. पण तेवढ्यावर मनाचे समाधान होऊन पंखा तसाच फिरत राहिला, तर नुकसान आहे.

विजेपासूनच सुरुवात करू, कारण इथला पुरावा सगळ्यांत पक्का आहे. भारतातली जवळपास तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर होते. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि त्या धुराची राख वीजकेंद्रांशेजारी राहणाऱ्या चंद्रपूर-कोराडीच्या माणसांच्या वाट्याला येते. देशातल्या एकूण वीजवापरापैकी सुमारे पाव हिस्सा घरांचा आहे, तेव्हा घर हा काही किरकोळ ग्राहक नव्हे. स्वस्त उपाय किती मोठे काम करू शकतो याचे उत्तम उदाहरण २०१५ साली सुरू झालेली ‘उजाला’ योजना. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा घाऊक मागणीमुळे २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला आणि या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे घराघरांत गेले. ६० वॉटचा पिवळा दिवा जाऊन नऊ वॉटचा दिवा आला, तर रोज पाच तासांच्या वापरात एका दिव्यामागे वर्षाला नव्वदेक युनिट वाचतात. लोकांनी त्यासाठी कोणताही त्याग केला नाही. उजेड तोच राहिला आणि बिल उतरले. पंख्याचीही तीच वाट आहे. २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचे झाले, त्यामुळे दुकानात तारे मोजून घेणे सोपे झाले आहे. एसीच्या बाबतीत तर एक पैसाही लागत नाही : तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो, आणि २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतील असे लावलेले येतात. २० वरून २४ वर आलेले घर एसीच्या विजेचा जवळपास पाव भाग वाचवते. अंघोळीचे पाणी तापवण्याचा खर्चही आपण विसरतो. एक बादली, म्हणजे २० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटच्या जवळपास वीज लागते. पाच मिनिटांच्या शॉवरला पाणी दुप्पट आणि वीजही दुप्पट. आजीच्या काळची बादली-तांब्याची अंघोळ पाणी आणि वीज दोन्ही एकदम वाचवते.

स्वयंपाकघरात शिरलो की इंधन आणि अन्न असे दोन हिशेब समोर येतात. १४.२ किलोचे सिलिंडर संपते तेव्हा ४० किलोंहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, आणि देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशातून आणावा लागतो. डाळ, छोले, राजमा आधी भिजत घालणे, पातेल्यावर झाकण ठेवणे, कुकरच्या शिट्टीनंतर आच बारीक करणे, आणि वरण, भात, बटाटे एकाच कुकरमध्ये डब्यांवर डबे ठेवून शिजवणे, यांत नवे काहीच नाही. मराठी घरांत ही पद्धत पिढ्यांची आहे. वर्षाला आठ सिलिंडर लागणाऱ्या घरात या सवयींनी एक सिलिंडर जरी वाचले, तरी ते पैशातही दिसते. पण त्याहून मोठा हिशेब ताटात उरलेल्या अन्नाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. भारतीय घरांसाठी याच अहवालातला अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोंचा आहे. अन्न फेकले जाते तेव्हा त्यामागचे पाणी, खत, डिझेल आणि गॅस सगळेच फेकले जाते. म्हणूनच जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी आठ ते दहा टक्के वायू वाया गेलेल्या अन्नाच्या खाती मांडले जातात. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, कालच्या वरणात मळलेली कणीक, या गोष्टींना गरिबीचे लक्षण मानण्याची सवय गेल्या दोन पिढ्यांत लागली. त्या पुन्हा मानाने ताटात आल्या, तर जिभेचे काहीच नुकसान नाही.

आता या आढाव्याच्या गाभ्याकडे येऊ. घरातल्या सगळ्या स्वस्त उपायांत एकच सर्वांत वर ठेवायचा झाला, तर तो ओला कचरा घरातच वेगळा ठेवण्याचा ठेवावा लागेल. चार माणसांच्या घरात रोज पाऊण किलो ओला कचरा धरला, तरी वर्षाला पावणेतीनशे किलो होतो. भारतीय शहरांच्या कचऱ्यात निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओला असतो. तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून डेपोवर गेला की ढिगाच्या पोटात, हवा न लागता कुजतो आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २८ पटींच्या आसपास आहे, वीस वर्षांच्या हिशेबात तर ऐंशी पटींच्या. हाच वायू पेट घेतो. १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेणाऱ्या देवनारच्या डेपोला २०१६ च्या जानेवारीअखेर लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता, आणि तो श्वासात घेणारी माणसे गोवंडी-शिवाजीनगरची होती. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडला. तिथल्या विहिरींचे पाणी नासले आणि गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा गाड्या अडवाव्या लागल्या. कचरा ‘बाहेर’ टाकतो असे आपण म्हणतो, पण ते ‘बाहेर’ म्हणजे कोणाचे तरी अंगण असते.

या एका कामाला दुसरा पर्यायही नाही, म्हणून ते पहिले. पंखा नाही बदलला तरी सरकार सौरऊर्जा वाढवू शकते. पण एकदा आमटीत भिजलेला कागद आणि भाताने माखलेले प्लास्टिक कोणत्याही यंत्राला स्वस्तात सुटे करता येत नाही. १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्राने कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला. आपला ओला, मिसळलेला, मातीचा कचरा जळण्याजोगाच नव्हता. प्रकल्प काही दिवसांतच थंडावला आणि पुढे बंद पडला. कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे : २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणे प्रत्येक घरावर बंधनकारक केले. त्याला खर्च दुसऱ्या एका बादलीचा. पुढची पायरी घरीच खत करण्याची, आणि तीही वाटते तेवढी अवघड नाही. तळाला व बाजूला भोके पाडलेली जुनी बादली किंवा माठ घ्यावा, खाली वाळलेला पालापाचोळा घालावा, त्यावर रोजची भाज्यांची देठे-साले बारीक करून टाकावीत आणि वर पुन्हा पाचोळ्याचा थर द्यावा. दह्याला विरजण लागते तसे इथे मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक पुरते. वास आला तर ओल जास्त झाली एवढेच समजावे, पाचोळा वाढवावा आणि ढवळून हवा द्यावी. दोन-अडीच महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार होते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करताना हेच सांगितले होते, की पालापाचोळ्यातून जिवंत माती घडवणे हे सामान्य माणसाच्या हातचे विज्ञान आहे. पुण्यासारख्या महापालिका गांडूळखत करणाऱ्या मिळकतींना करात सवलतही देतात.

ओले बाजूला झाले की सुक्याचे आपोआप सोने होते. इथे आपल्याकडची जुनी साखळी मदतीला येते. रद्दीवाला, भंगारवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही पुनर्वापराची माणसे ‘रिसायकलिंग’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून दारावर येत आहेत. पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था उभी राहिली. आज तीन हजारांहून अधिक कचरावेचक, बहुतेक स्त्रिया, या संस्थेमार्फत पुण्याच्या दारोदार जाऊन कचरा घेतात आणि सुक्यातला विकाऊ माल विकून आपल्या मिळकतीत भर घालतात. पुण्यात वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम निघाली, तीही याच हातांसाठी : ठिपका दिसला की पुडी उघडून बघावी लागत नाही. लाल पेनाचा एक ठिपका, याहून स्वस्त उपाय कोणता? दुधाच्या पिशवीचेही तसेच आहे. कोपरा पूर्ण कापून टाकला की तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो. काप अर्धवट ठेवला, पिशवी विसळून वाळवली, तर तीच पिशवी भंगारात वजनावर विकली जाते. छोट्या शहरांनीही हे करून दाखवले आहे. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपालिकेने बारकाईने वर्गीकरण करून कचऱ्याच्या डेपोचे रूपांतर लोक पाहायला येतील अशा स्वच्छ जागेत केले, आणि गोव्यात पणजीने सुका कचरा सोळा प्रकारांत वेगळा करण्याची व्यवस्था बसवली. दोन्ही ठिकाणी यंत्राआधी घराघरांतली बादली बदलली.

प्लास्टिकचा प्रश्न सगळ्यांत जास्त गाजतो, म्हणून तिथे वजनकाटा अधिक जपून धरावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि गटारांत तुंबलेल्या पिशव्यांनी पुराला हातभार लावल्याचे लक्षात आल्यावर महाराष्ट्राने पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले. २०१८ च्या मार्चमध्ये राज्याने व्यापक प्लास्टिकबंदी आणली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी भाजीवाल्याच्या गाडीवर पातळ पिशवी आजही लटकलेली असते, कारण गिऱ्हाईक पिशवी विसरून येते. कापडी पिशवी हा उपाय बरोबर, पण कोणती कापडी पिशवी? इंग्लंडच्या पर्यावरण विभागाच्या २०११ च्या अभ्यासात असे निघाले, की तापमानवाढीच्या दृष्टीने नवी सुती पिशवी साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते. कापसाला पाणी, खत आणि औषधे भरपूर लागतात. म्हणजे प्रत्येक संमेलनात फुकट मिळालेल्या, कपाटात पडून राहिलेल्या छापील कापडी पिशव्या पर्यावरणाचे काही भले करत नाहीत. जुन्या साडीची किंवा पँटच्या कापडाची शिवलेली पिशवी मात्र या हिशेबातून सुटते, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागलेला नाही. गोधडीमागचे शहाणपण हेच होते : आधी आहे ते झिजेपर्यंत वापरावे. पिशवी घडी करून गाडीच्या डिकीत किंवा पर्समध्ये कायमची ठेवली, की आठवण ठेवण्याचा प्रश्नही मिटतो.

पाण्याच्या बाबतीत नळाची गळती, बादलीने गाडी धुणे, भांडी घासताना नळ बंद ठेवणे या गोष्टी सर्वांना माहीत आहेत. कमी बोलले जाते ते आरओ यंत्राबद्दल. घरगुती आरओ एक लिटर पाणी गाळताना साधारण तीन लिटर पाणी मोरीत सोडते. रोज पंधरा लिटर पिण्याचे पाणी लागत असेल, तर ४५ लिटर चांगले पाणी गटारात जाते. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे अशी यंत्रे वापरू नयेत, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये घेतली. सह्याद्रीच्या धरणांतून येणारे मुंबई-पुण्याचे पालिकेचे पाणी मुळात कमी क्षारांचे आहे. तिथे साधा गाळक किंवा उकळलेले पाणी पुरते. मराठवाड्यातल्या खोल बोअरच्या खाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी, आणि तिथे यंत्र लागलेच तर टाकाऊ पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते. ज्या राज्यात हे घडले, त्या राज्यात गोड्या पाण्याला पुन्हा गाळण्यासाठी पाणी फेकणे शोभत नाही.

प्रवासाचा हिशेब तर थेट खिशाशी जोडलेला आहे. एक लिटर पेट्रोल जळले की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जाऊन-येऊन दहा किलोमीटर कचेरी, वर्षाला २८० दिवस, असे धरले तर दुचाकी सव्वाशे-दीडशे किलो वायू सोडते आणि एकट्या माणसाची मोटार चारशे किलोंच्या वर. म्हणून क्रम असा लागतो : जवळ असेल तर पायी किंवा सायकल, लांब असेल तर बस-लोकल-मेट्रो, आणि मोटार काढायचीच झाली तर रिकाम्या आसनांवर शेजारी. टायरमध्ये हवा नीट ठेवणे आणि सिग्नलला इंजिन बंद करणे यांचा नंबर त्यानंतर. कधीकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात आज सायकल चालवणे धोक्याचे वाटते, ही एकट्या नागरिकाने सोडवण्याची अडचण नाही. इथेच तिसरी कसोटी लागू होते : पदपथ आणि बस नसेल तर चांगली इच्छा रस्त्यावर उतरत नाही, आणि म्हणून नगरसेवकाकडे पदपथाची मागणी करणे हाही एक स्वस्त उपायच आहे.

झाडे आणि सण या दोन्ही ठिकाणी भावना मोठी असते, म्हणून तिथे विशेष प्रामाणिक राहावे. वाढलेले झाड वर्षाला साधारण वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषते असे मानले जाते. रोपाला तिथे पोचायला वर्षे लागतात. या मापाने एक जुना पंखा बदलणे हे पाच मोठ्या झाडांच्या वार्षिक कामाएवढे भरते. पण झाडाचे मोल केवळ या वायूत नाही. सावली, पक्षी, मुरणारे पाणी आणि गारवा हे त्याचे खरे देणे. महाराष्ट्राने २०१९ पर्यंत ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला होता. अशा संकल्पांची खरी परीक्षा लागवडीच्या दिवशी होत नाही, पुढच्या एप्रिलमध्ये होते. जुलैत नवे रोप लावून छायाचित्र काढण्यापेक्षा गल्लीतल्या कडुलिंबाच्या किंवा बहाव्याच्या आधीच लावलेल्या रोपाला उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या घालणे अधिक फळ देते. गणेशोत्सवातही तेच. लहान, शाडूची मूर्ती घरच्याच बादलीत विसर्जित करावी आणि उरलेली माती मूर्तिकाराला परत द्यावी, कारण शाडूही खणूनच काढावा लागतो. प्लास्टरची मूर्ती असेलच, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवल्याप्रमाणे ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवता येते. निर्माल्य नदीत सोडण्याऐवजी खताच्या माठात गेले, तर फूल पुन्हा मातीत जाऊन फूलच होते. श्रद्धेला याहून सुंदर शेवट कोणता असेल?

आता आक्षेपांकडे वळू. ते खरे आहेत, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप असा, की कारखाने, वीज कंपन्या आणि उसाची शेती यांच्यापुढे घरातली बादली काय करणार? ऊस थोड्या जमिनीवर उभा राहून राज्याच्या सिंचनाचा फार मोठा वाटा पितो, हे खरे आहे. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घराघरांत नेण्यात ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, हेही खरे. दोष ग्राहकाच्या माथी मारला की उत्पादक मोकळा होतो. पण यावरून घराने हात झटकावेत असे निघत नाही. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या २०२२ च्या अहवालाने असे मांडले, की सोयी, तंत्र आणि धोरण यांची साथ मिळाली तर मागणीच्या बाजूच्या बदलांनी २०५० पर्यंत उत्सर्जन ४० ते ७० टक्के कमी होऊ शकते. एलईडीची कहाणी याच साथीची आहे : सरकारने भाव पाडला नसता तर लोकांनी दिवा घेतला नसता, आणि लोकांनी घेतला नसता तर भाव पडला नसता. शिवाय स्वतः कचरा वेगळा करणारा नागरिकच घंटागाडीत तो पुन्हा एकत्र होताना पाहून महापालिकेला जाब विचारतो. ज्याने काहीच केले नाही, त्याला विचारायला तोंड नसते.

दुसरा आक्षेप न्यायाचा. सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकन माणसामागे चौदा टनांच्या आसपास; मग काटकसर आम्ही का करावी? याचे उत्तर दोन भागांत आहे. देशाची सरासरी आपल्या सर्वांना सारखी लागू होत नाही. तीन एसी आणि दोन मोटारी असलेले घर खेड्यातल्या एका पंख्याच्या घराच्या सरासरीआड लपू शकत नाही. म्हणून वरचे बहुतेक उपाय ज्यांच्याकडे जास्त आहे, त्यांच्यासाठी आधी आहेत. आणि फुरसुंगीची विहीर, देवनारचा धूर, कोल्हापुरातले पंचगंगेचे नासलेले पाणी यांना अमेरिकेशी देणेघेणे नाही. ते आपलेच आहे. तिसरा आक्षेप सर्वांत कमी बोलला जातो आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो : कचरा वेगळा करणे, डाळ भिजवणे, पिशव्या धुणे, खत ढवळणे हे सगळे काम शेवटी घरातल्या बाईच्या किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या अंगावर पडते. पर्यावरणाच्या नावाने कोणाच्या तरी पाठीवर नवे ओझे टाकणे हा उपाय नव्हे. म्हणून एकदा करून मोकळे होता येईल असे उपाय आधी घ्यावेत, आणि रोजचे काम घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावे. खताचा माठ ढवळायला पुरुषाचे आणि मुलांचे हात तेवढेच चालतात. चौथी शंका अशी, की वाचलेले पैसे माणूस दुसरीकडे उडवतो : बिल उतरले म्हणून एसी जास्त वेळ चालवतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबाबत हे दाखवून दिले होते. धोका खरा आहे. त्यावर उतारा एकच, की वीजबिलावरचे युनिट महिन्याला बघावेत. रुपयांचा आकडा दर वाढले की फसवतो, युनिटांचा फसवत नाही.

या सगळ्याचा क्रम लावला तर तो असा होतो. ओला कचरा घरातच वेगळा, शक्य तर तिथेच खत. अन्न ताटात उरू न देणे. पंखे बदलणे आणि एसी २४ च्या वर ठेवणे. एकट्याची मोटार शक्य तितकी दारातच ठेवणे. गरज नसलेला आरओ बंद. जुन्या कापडाची पिशवी कायम सोबत. चार्जर आणि छायाचित्रातले रोप यांची पाळी या सर्वांनंतर. यांतला पहिला उपाय आजच्या आजच होतो आणि त्याचा परिणाम उद्या सकाळीच दिसतो, पण आपल्याला नव्हे. तो दिसतो घंटागाडीशी उभ्या असलेल्या बाईला, जिच्या हातात आज आपली पिशवी पडते. ती पिशवी उघडताना तिला उष्ट्यात आणि काचेत हात घालावा लागला नाही, सुका कागद सुकाच मिळाला, लाल ठिपक्याची पुडी न उघडता बाजूला ठेवता आली, तर आपला थेंब तळ्यात पडला असे खुशाल समजावे.